नेव्ह बुडाला त्या सोमवारचं धुणं

हेसल रोडवर, म्हणजे खलाशांच्या या बंदरवस्तीत, धुण्याचा वार सोमवार. तो कुणी ठरवला, कधी ठरवला, कुणाला ठाऊक नाही. पण सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत दोऱ्या ताणल्या जातात आणि गोदीकडून येणाऱ्या माशांच्या वासात साबणाचा वास मिसळतो. मात्र घरातला पुरुष ज्या दिवशी मासेमारीच्या बोटीवर, ट्रॉलरवर, चढतो, त्या दिवशी त्या घरात हातरुमालसुद्धा भिजत नाही. धुतलं की माणूस धुऊन जातो. विस्तवात हात घालू नये हे जसं कुणी समजावत बसत नाही, तसं हेही कुणी समजावत नाही. मी या गल्लीत नवीन होते तेव्हा शेजारच्या विनीनं भिंतीवरून एकदाच विचारलं होतं, "तुझा नवरा माशाच्या तेलाच्या कारखान्यातच जातो ना? बोटीवर नाही ना?"

मी नाही म्हटलं.

"मग धू पोरी, वाटेल तेव्हा धू," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला जरासा हेवा ऐकू आला.

विनी ऑम्बलरचा नवरा आर्थर 'केल्डा' नावाच्या ट्रॉलरबरोबर गेला. आइसलंडच्या वरच्या अंगाला, हिवाळ्यात, सगळ्या खलाशांसकट. एकाचाही देह मिळाला नाही. त्यांचा मुलगा नेव्ह तेव्हा दीड वर्षाचा. विनीनं मासे साफ करायच्या शेडमध्ये काम धरलं, डोक्याला फडकं, पायांत लाकडी तळाचे जोडे, बर्फाच्या पाण्यात हात, आणि त्या हातांनी पोराला वाढवलं. एकच गोष्ट तिनं ठरवून टाकली होती: याला कोरड्या पायाचं काम मिळालं पाहिजे. काम कुठलंही असो. पाय कोरडे राहिले पाहिजेत.

शाळा सुटल्यावर नेव्ह गोदीजवळच्या दुकानात लागला. दोरखंड, रबरी बूट, तेलकट अंगरखे विकायचं दुकान. तिथे येणाऱ्या प्रत्येक खलाशाची चाल आणि बोली तो उचलायचा आणि संध्याकाळी गल्लीत करून दाखवायचा. आमच्या समोर राहणारी मेव्हिस आणि तिचा खलाशी नवरा विल्फ. विल्फ तीन आठवडे समुद्रावर आणि तीन दिवस घरी, असा संसार. नेव्हनं विल्फची नक्कल केली तेव्हा मेव्हिस दारात हसून हसून खाली बसली होती. "ह्यालाच घरी ठेवून घेते," ती म्हणाली, "खरा परत गेला तरी चालेल."

मग नेव्ह गावातल्या नाटक कंपनीत गेला. सहा महिने झाडू मारला, खुर्च्या हलवल्या. नाताळच्या नाटकात त्याला पहिलं काम मिळालं, ते दोघांनी आत शिरायच्या कापडी गायीच्या मागच्या पायांचं. पुढचे पाय दुसऱ्या कुणाचे होते. अख्खी गल्ली बघायला गेली. विनी शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारून सांगत होती, "मागचे आमचे."

"तोंड नाही दिसलं गं," मेव्हिस बाहेर आल्यावर म्हणाली, "पण ढुंगणावरून ओळखला मी."

नटांच्या संघटनेचं कार्ड असल्याशिवाय इथे मोठं काम देत नाहीत, आणि मोठं काम केल्याशिवाय कार्ड देत नाहीत. नेव्ह त्या चक्रात बराच काळ फिरला. एका खटारा व्हॅनमधून शाळाशाळांतून नाटकं करत हिंडला. एकाच दुपारी राजा, चोर आणि झाड. अखेर कार्ड मिळालं. टीव्हीवर आधी त्याचा नुसता हात दिसला, बटाट्यावर रस्सा ओतणारा, जाहिरातीत. त्यानंतर एका पोलिसी मालिकेत त्यानं साहेबाच्या गाडीचं दार उघडलं. विनीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "किती सफाईनं उघडलं! घरातलं दार मात्र आयुष्यात हळू लावलं नाही मेल्यानं."

आणि मग ती ट्रॉलरची मालिका आली. लंडनच्या मंडळींना आमच्याकडचं बोलणं बोलणारा पोरगा हवा होता. नेव्हला डॅनी नावाच्या तरुण खलाशाचं काम मिळालं. चांगलं मोठं. नाव पडद्यावर येणार. तो सांगायला घरी आला तेव्हा मी विनीकडे साखर परत द्यायला गेले होते. विनीचा चेहरा उतरला.

"बोटीवर?" ती म्हणाली. "तुला जगात दुसरं काही सापडलं नाही?"

"आई, बोट लाकडी आहे. लंडनला एका शेडमध्ये. खाली चाकं लावून हलवतात. आणि पाणी दोन माणसं बादलीनं फेकतात."

"गार?"

"कोमट."

विनीनं जरा विचार केला. "कोमट असेल तर चालेल," ती म्हणाली.

पण मालिका सोमवारी रात्री आठला लागायला लागली, आणि पहिल्याच सोमवारी विनीची दोरी रिकामी दिसली. तिनं धुणं बुधवारवर नेलं होतं. हेसल रोडवर बुधवारी चादरी वाळत घालणं म्हणजे रविवारी दुकान उघडण्यासारखंच. गल्लीभर चर्चा झाली.

"अगं विनी, तो पेटीत आहे, समुद्रात नाही," मेव्हिस तोंडात कपड्यांचे चिमटे धरून ओरडली. "पेटीचं बटण बंद केलंस की बोट धक्क्याला लागते."

"तुझा विल्फ जातो त्या दिवशी तू धुतेस का?"

"विल्फ खरा जातो!"

"मला माझं करू दे," विनी म्हणाली. ज्या बाईचा नवरा समुद्रानं नेला, तिच्या नेमाला आमच्या रस्त्यावर कुणी फार वेळ हसत नाही. मेव्हिससुद्धा नाही. तिचा धाकटा भाऊ स्टॅनली त्याच 'केल्डा'वर होता, पहिल्या सफरीवर.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हती आणि नेव्हला पक्की ठाऊक होती. डॅनी मरणार होता. मालिका लिहिणाऱ्यांचं म्हणणं होतं की सगळ्यांना जो आवडायला लागलाय तोच लवकर गेला पाहिजे, म्हणजे लोक जागचे हलणार नाहीत. चौथ्या भागात लाट त्याला डेकवरून नेणार. ते चित्रीकरण तीन आठवडे आधीच झालेलं होतं. नेव्हला हे आईला सांगायचं होतं, प्रसारणाच्या आधी, स्वतःच्या तोंडानं. त्यासाठीच तो चौथ्या भागाच्या आदल्या दिवशी, रविवारी, घरी आला.

जेवताना त्यानं सुरुवात केली होती, असं तो नंतर म्हणाला. भाजलेलं मटण, रस्सा, सगळं समोर. "आई, उद्याचा भाग जो आहे ना..."

"काही सांगू नकोस!" विनीनं कान झाकले. "मेव्हिस येणार आहे, विल्फ घरी आहे तोही येणार आहे. पेग तर चिप्सचं दुकान तेवढ्यापुरतं बंद ठेवणार आहे. पेग! जिनं नवऱ्याच्या मयताला दुकान बंद केलं नाही. आधीच कळलं तर त्यात काय मजा?"

नेव्हनं तोंडात बटाटा घातला.

सोमवारी सकाळी तो खाली आला तेव्हा स्वयंपाकघरामागच्या मोरीत कपड्यांचा ढीग पडलेला, बाहेर गल्लीभर चादरी फडफडताहेत, आणि आई हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेली. त्याच्या मनात तिथे एक विचार आला. तो त्याला फार शहाणपणाचा वाटला. हिनं आज धुतलं, तर हिच्या मनातून ही खऱ्या समुद्राची भीती जाईल. हे नाटक आहे, असं एकदा हातांना पटलं की रात्री डोळ्यांनाही पटेल. डॅनी बुडेल, ही थोडं रडेल, मग हसेल. सांगायची गरजच उरणार नाही.

"आई, ऊठ. धुणं काढ."

"आज?"

"आजच. मी लंडनच्या गाडीत बसणार, गाडी रुळांवरून जाणार, रूळ जमिनीवर आहेत. बोट कुठे आहे? दाखव मला बोट."

"नेव्ह, थट्टा नको या गोष्टीची."

"थट्टा नाही. हा घे." त्यानं अंगातला सदरा काढला आणि टबात टाकला. निळ्या रेघांचा, तिनंच घेऊन दिलेला. "माझाच धू. बघू कोण नेतं मला."

विनी उठायला तयार नव्हती. मग त्यानं स्वतः बंब पेटवला, साबण किसला. दोन लाकडी रुळांचं ते पिळायचं जुनं यंत्र अंगणात ओढलं आणि उघड्या अंगावर नुसता स्वेटर चढवून दांडा फिरवायला लागला. यंत्र फिरवताना त्यानं गोदीवरच्या झाडून सगळ्या कप्तानांच्या नकला केल्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. विनी आधी रागावली, मग नको नको म्हणाली, मग हसायला लागली. फार दिवसांनी ऐकलं मी तिचं हसणं. लहान मुलीसारखं होतं.

सदरा दोरीवर चढला तेव्हा मेव्हिस मागच्या गल्लीतून चालली होती. थांबलीच.

"विनी! सोमवार आहे."

"पोरगा म्हणतो नाटक आहे सगळं."

"मी महिनाभर तेच सांगतेय, ते नाही ऐकलंस."

"तू दांडा नाही फिरवलास," विनी म्हणाली.

दुपारच्या गाडीनं नेव्ह गेला. सदरा ओलाच होता, म्हणून मागे राहिला. जाताना त्यानं आईच्या गालाचा मुका घेतला, आणि सांगायचं ते सांगितलं नाही.

रात्री आठला विनीची पुढची खोली भरली. भाड्याचा टीव्ही, त्यावर आर्थरचा फोटो. विल्फ कोचावर पाय पसरून. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला त्याची बोट सुटणार होती, त्यामुळे त्याचं तोंड जास्तच सुटलं होतं.

"मासा बघा मासा! कालचा आहे तो. डोळे बघा त्याचे."

"तुझे बघ आरशात," मेव्हिस म्हणाली. "गप बस."

"आणि हा कप्तान! दाढी विंचरून कोण येतं डेकवर?"

पडद्यावर वादळ होतं. दोरखंडांवर, कठड्यावर बर्फ जमलेला. त्या बर्फाच्या वजनानं बोट उलटू नये म्हणून खलाशी कुऱ्हाडींनी तो फोडत होते. हे काही नाटकातलं नाही. विल्फ दर हिवाळ्यात हेच करतो. त्यामुळे तोही बोलायचा थांबला. नेव्ह पुढच्या टोकाला होता. त्यानं मागे वळून कुणाला तरी हाक मारली, हसला, अगदी सकाळी दांडा फिरवताना हसला होता तसाच, आणि पाणी आलं. बादलीतलं होतं की कशातलं होतं, देव जाणे. पांढरी भिंतच आली. ती खाली बसली तेव्हा डेकवर नुसती कुऱ्हाड होती.

आम्ही वाट पाहत राहिलो. आता दोरी टाकतील, आता हात दिसेल. कप्तान "डॅनी! डॅनी!" ओरडत होता. पाणी काळं होतं. मग पडद्यावर नावं सुरू झाली आणि त्यांत चौथं नाव नेव्हिल ऑम्बलर असं आलं, ज्या नावासाठी आम्ही सगळे जमलो होतो.

पेगच्या तोंडाचा आ तसाच राहिला होता. विल्फनं हसायचा एक प्रयत्न केला; "च्यायला, संपवला की पोराला," असं काहीसं म्हणाला, आणि त्याचं हसू अर्ध्यात विरलं, कारण विनी त्याच्याकडे वळून बघत होती.

"विल्फ," तिनं विचारलं. आवाज अगदी सरळ. "त्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो?"

कुणीही दुसऱ्यानं सांगितलं असतं, अगं विनी, वेडी झालीस का, नाटक आहे. पण विल्फ खलाशी. त्याला त्या पाण्याबद्दल खोटं बोलता येत नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "फार नाही गं. कळायच्या आधीच संपतं."

विनी उठली. तिनं टीव्ही बंद केला. मग खिडकीशी गेली आणि दोन्ही पडदे ओढून घेतले.

आमच्या रस्त्यावर पडदे ओढणं म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं. घरातलं कुणी गेलं की पडदे ओढतात. मेव्हिसनं तिचा दंड धरला. "विनी, पोर लंडनला आहे. चहा पीत असेल."

"मला ठाऊक आहे," विनी म्हणाली. "मी खुळी नाही. पण मी आज धुतलं, मेव्हिस. त्याचाच सदरा धुतला."

पेग दुकान उघडायला गेली ती धावत परत आली, अंगाला तळणाचा वास. गल्लीत फोन तेवढा तिच्याच दुकानात. "विनी, नेव्ह आहे फोनवर. धरून ठेवलाय. रडतोय बहुतेक. ये पटकन."

विनी जागची हलली नाही.

"आर्थरचा आला होता का कधी फोन?" ती म्हणाली. "त्याला सांग, आई झोपली."

पुढे जे झालं ते कुणी मुद्दाम केलं नाही. विनीचे पडदे बंद दिसले म्हणून शेजारच्या म्हातारीनं स्वतःचे ओढले. तिच्याकडे टीव्ही नाही. तिचे बंद दिसले म्हणून पलीकडच्यांनी. मृताचा मान राखायचा तर कारण विचारत बसायचं नसतं. आधी पडदा, मग चौकशी. सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर गल्लीची दोन्ही अंगं मिटलेली. पहाटे विल्फ त्यामधूनच गेला. घरातून निघालेला खलाशी मागे बघत नाही, तसा तोही बघत नव्हता. पण विनीच्या दारापुढे त्यानं टोपी काढली, असं मेव्हिस म्हणाली. आणि नाटक बघून आलेल्या नवऱ्यानं टोपी काढलेली पाहून मेव्हिसलाही ते नुसतं नाटक वाटेना. तिनं ताटात हॅम रचलं, वर फडकं टाकलं आणि विनीकडे आली. इथे मयताच्या घरी हॅम जातं. मी बघत राहिले. "अगं, हे काय आणलंस?" मी कुजबुजले.

"मग काय केक आणू?" ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

सकाळ वर येईपर्यंत बातमी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती, ती अशी: विनी ऑम्बलरचा पोरगा बुडाला. आणि मग आम्हाला मिशनचा माणूस दिसला. मच्छीमारांच्या मिशनचा, काळ्या कोटातला. बोट बुडाल्याची खबर तोच घरोघर सांगतो. तो गल्लीत शिरला की बायका आपापल्या दारात दगड होतात आणि तो कुठल्या दाराशी थांबतो ते बघतात. त्या दिवशीही झाल्या. तो विनीच्या दाराशी थांबला. बिचारा स्वतःच हबकलेला.

"मिसेस ऑम्बलर," तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "मला कुणी कळवलंच नाही. कुठली बोट?"

मेव्हिस माझ्याकडे बघायला लागली. कुठली बोट म्हणून सांगणार? लंडनची, लाकडी, चाकांवरची?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी किंचाळलं. दुधाची बाटली फुटली. नेव्ह धावत येत होता. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालेला, दाढी वाढलेली, कालचाच स्वेटर. दोन्ही बाजूंच्या बंद खिडक्या बघत बघत त्याचं धावणं मंदावलं. मिशनच्या माणसाला आईच्या दारात बघितलं तेव्हा तो थांबलाच. तोंड पांढरं पडलं.

"आईला काय झालं?" तो म्हणाला.

"आईला?" मिशनचा माणूस म्हणाला. "आणि तुम्ही कोण?"

"मी... मी तिचा मुलगा."

त्या भल्या माणसानं एकदा नेव्हकडे, एकदा हॅमच्या ताटाकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकला.

विनी आतून आली. हात वर करून तिनं बोटं नेव्हच्या केसांत घातली, अगदी मुळांपर्यंत, आणि चाचपली. कोरडे होते. मग तोच हात मागे घेऊन तिनं त्याला अशी थोबाडीत दिली की आवाज समोरच्या घरापर्यंत गेला.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"रविवारी जेवताना ठाऊक होतं."

"हो, आई. सांगणार होतो."

"आणि माझ्याकडून धुऊन घेतलंस!"

"आई, धुण्याचा आणि बुडण्याचा काही संबंध नाही. तेच तर मला तुला..." तो थांबला. गालावर वळ उमटत होते. "आत चल. सगळे बघताहेत."

आम्ही आत गेलो. मिशनच्या माणसाला चहा दिला, कारण त्याला त्याची सगळ्यांत जास्त गरज होती. नेव्ह रात्रीपासून उपाशी होता. समोर हॅम होतं. तो खायला लागला. अर्धं ताट संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे ताट कशासाठी आलंय, आणि तो चावायचा थांबला.

विनी त्याच्यासमोर बसली होती. ती त्याच्याकडे न बघता बोलायला लागली.

"तू दीड वर्षाचा होतास. पोट बिघडलं होतं तुझं. दोनच चादरी घरात, दोन्ही भरलेल्या. तुझा बाप सकाळच्या भरतीला गेला. तू थंडीनं कुडकुडत होतास. मी म्हटलं, ही काही त्याची नाही. पोराची चादर आहे. एवढीशी. ह्याचं कोण मोजतं? आणि मी धुतली."

नेव्हच्या हातातला काटा ताटात पडला.

"वीस जण होते केल्डावर," विनी म्हणाली. "मी आजवर कुणाला बोलले नाही. कालची थट्टा तू त्याच दोरीशी केलीस."

काल फिरवलेल्या दांड्याचे फोड तळहातांवर होते, त्यांच्याकडे नेव्ह बघत राहिला. ज्या नियमाला तो हसत आला होता तो नियम नव्हताच. ती त्याच्या आईची शिक्षा होती. तिनं स्वतःला दिलेली, आणि त्याच्या चादरीपायी.

आणि मला मेव्हिसकडे बघवेना. स्टॅनली तिचा धाकटा भाऊ. तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेला. ती उभी होती, किटली हातात. किटली तिनं खाली ठेवली.

"माझ्या आईनं त्या दिवशी मोजे धुतले होते," मेव्हिस म्हणाली.

विनीनं वर बघितलं.

"स्टॅनलीचे. भोक पडलेले होते म्हणून तो ठेवून गेला. आईनं धुतले, रफू केले. ती मरेपर्यंत म्हणायची, मी बुडवली केल्डा." तिनं कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले. "तेव्हा उगाच सगळी बोट एकटीच्या नावावर घेऊ नकोस, विनी ऑम्बलर. रांग आहे इथे."

हे खरं होतं की मेव्हिसनं तिथल्या तिथे रचलं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. मेव्हिसची आई धुण्याच्या नेमात फार कडक होती म्हणतात. विल्फ जायच्या दिवशी ती लेकीला तोंडसुद्धा धुऊ द्यायची नाही. पण विनी रडली. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच रडत असावी, असं रडली. आणि मेव्हिस तिच्या खांद्यावर थापटत म्हणत राहिली, "रड बाई रड. चहा गार होऊ दे. दुसरा करू."

नेव्ह उठून मागच्या अंगणात गेला. कालचं सगळं धुणं तसंच दोरीवर होतं. विनीनं हात लावला नव्हता आणि दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. रात्रभर पडलेल्या थंडीनं चादरी फळ्यांसारख्या ताठ झाल्या होत्या. मधोमध त्याचा निळ्या रेघांचा सदरा, दोन्ही बाह्या पसरलेल्या, गोठलेला. बघवत नव्हतं त्याच्याकडे. नेव्हनं तो दोरीवरून ओढला तेव्हा बर्फाचा कडकड आवाज झाला. त्यानं स्वेटर काढला आणि तो सदरा अंगात घातला. एक बाही शिरेना, तर गुडघ्यावर आपटून मऊ केली. बटणं लावताना त्याचे दात वाजत होते.

तसाच तो आत आला आणि आईसमोर उभा राहिला. सदऱ्याचं पाणी व्हायला लागलं होतं, जमिनीवर थेंब पडत होते.

"बघ," तो म्हणाला. "आत माणूस आहे."

विनीनं त्याची ओली बाही चाचपली. मग म्हणाली, "न्यूमोनियानं मरशील आता. काढ तो." आणि स्वतः उठून तिनं खिडकीचे पडदे उघडले.

विल्फ तीन आठवड्यांनी परतला, विनीसाठी एक मोठा हॅडॉक मासा घेऊन. "डोळे बघून घे," तो म्हणाला. "ताजा आहे."

नेव्ह पुढे बराच चालला. फार मोठा नट झाला नाही, पण लोक रस्त्यात थांबवून "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय" म्हणतात, तेवढा झाला. समुद्राचं काम त्यानं पुन्हा घेतलं नाही. आणि एक रीत पाडली. त्याचं काही लागणार असलं की त्या दिवशी सकाळी, जगात कुठेही असो, तो पेगच्या दुकानात फोन करून आईला त्यात आपलं काय होतं ते सांगतो. त्यामुळे अख्ख्या देशाला रात्री कळायचं ते आम्हाला सकाळी चिप्सच्या रांगेत कळलेलं असतं, आणि त्याची कुणाला तक्रार नाही.

परवाच मी तिथे उभी होते. विनी आता काठी घेऊन येते, फोन कानाला दोन्ही हातांनी धरते.

"जिवंत?" तिनं विचारलं. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "तुरुंगात? कशाबद्दल? ... बरं, ते असू दे. जागा कोरडी आहे ना?" तिनं उत्तर ऐकलं आणि मान डोलावली. "मग धुते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.